ब्रिजचा स्क्रू पुन्हा तुटला? तुकडा काढा, पण आधी त्याचं तोंड बघा

भाचा दारातच उभा राहून म्हणाला, "मामा, परत." एका हातात गिटारची बॅग, दुसऱ्या हाताच्या तळव्यावर स्क्रूचं नुसतं डोकं, हरभऱ्याच्या डाळीएवढं. बाकीचा स्क्रू गिटारच्या अंगात. उत्तरायणाला दोन दिवस राहिले होते आणि दीड वर्षात ही तिसरी वेळ होती.

तिसऱ्या वेळी कुठे डोक्यात प्रकाश पडला, म्हणून सगळं एकदा लिहून ठेवतो. तुटलेला तुकडा काढायचे उपाय पुष्कळ जण सांगतात. पण तो तुटला का, हे न बघता त्याच जागी नवा स्क्रू बसवला तर तोही तुटतो. आमचा तुटला.

हे सगळं इलेक्ट्रिक गिटारच्या सहा स्क्रूंच्या ट्रेमोलो ब्रिजबद्दल आहे, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या हलणाऱ्या पत्रीबद्दल. तिला लावलेल्या दांडीने तारांचा सूर हलवता येतो. १९५४ साली फेंडर कंपनीची स्ट्रॅटोकास्टर गिटार आली तेव्हापासूनची ही रचना. ब्रिजची पत्री पुढच्या कडेला लाकडात ओळीने बसवलेल्या सहा स्क्रूंना टेकते, मागच्या खोबणीतल्या स्प्रिंगा तिला खालून ओढून धरतात आणि दांडी दाबली की पत्रीची मागची कड वर उचलली जाते. स्वस्तातल्या कितीतरी गिटारी याच नमुन्यावर बनतात, भाच्याचीही त्यातलीच. कंपनीचं नाव लिहीत नाही. दोष तिचा नव्हताच, तो घरातलाच निघाला.

पहिला स्क्रू तुटला सप्टेंबर २०२३ मध्ये, नवरात्र तोंडावर असताना. भाचा एका गरबा पार्टीत रिदम वाजवतो. बडोद्यात त्या नऊ रात्री वादकाला आजारी पडायचीही सोय नसते. दांडिया बाजारात, सूरसागरासमोर १८८६ पासूनचं म्युझिक कॉलेज आहे, त्यामुळे तंबोऱ्याची जवारी लावून देणारा माणूस विचारत विचारत सापडतो. इलेक्ट्रिक गिटारच्या लाकडात अडकलेला स्क्रू काढणारा काही सापडेना. शेवटी एका दुकानात दिली. दुसऱ्या दिवशी परत आली तेव्हा सहाही स्क्रू जागेवर होते, आम्ही खूश. दिवाळीत तारा बदलताना त्यातलं एक डोकं टिचकी मारल्यासारखं उडालं आणि पलंगाखाली गेलं. आतला तुकडा दुकानाने काढलाच नव्हता, वरून डोकं सुपरग्लूने चिकटवून दिलं होतं! दुकानाचं नाव विचारू नका. मात्र त्या फसवणुकीतून एक गोष्ट कळली. पाच स्क्रूंवर गिटार नऊ रात्री व्यवस्थित वाजली होती. तेव्हा कार्यक्रम उद्यावर असेल तर आज घाईने ड्रिल हातात घेऊ नका.

तो तुकडा काढायला मग मीच बसलो. मकरपुरा जीआयडीसीत टूलरूममध्ये उभी नोकरी गेली, म्हटलं साडेतीन मिमीचा स्क्रू आपल्याला काय जड आहे! सेंटर पंच मारला, २ मिमीचा बिट लावला, ड्रिल चालू केलं. बिट पोलादावर दोन फेरे फिरला आणि घसरून शेजारच्या लाकडात शिरला, उकडलेल्या बटाट्यात काडी जावी तसा. स्क्रू कडक, भोवतीचं बासवूड मऊ, मग बिट मऊ वाटेनेच जाणार. गोल भोकाचं लांबट भोक झालं. शेवटी आजूबाजूचं लाकूड कोरून, पक्कडीने उपसून तुकडा काढला आणि फेविकॉल-भुशाचा लगदा भरून वेळ मारून नेली. तो लगदा पुढे वर्षभर टिकला हे नशीब.

ईझी-आउटचा, म्हणजे तुटक्या स्क्रूत भोक पाडून त्यात उलटं रुतवायच्या हत्याराचा, मोह तेव्हाही झाला होता. इतक्या बारीक मापात तो स्वतःच काचेसारखा मोडतो, आणि मोडलेला ईझी-आउट साध्या बिटने कापला जात नाही. कारखान्यात असा तुकडा स्पार्क मशीनवर जाळून काढतात. त्या मशीनच्या तेलाच्या टाकीत गिटार बुडवणार का?

दुसरा स्क्रू तुटला तो पुरानंतर. ऑगस्ट २०२४ च्या शेवटी विश्वामित्रीचं पाणी समा भागात शिरलं. बहिणीचं घर तळमजल्यावर. गिटार माळ्यावर चढवली म्हणून वाचली, पण कितीतरी दिवस ती त्या ओल्या हवेत बॅगेतच पडून होती. महिन्याभरात ओळीच्या दुसऱ्या टोकाचा स्क्रू गेला. त्यावर तांबूस गंज दिसला आणि मी लगेच निदान करून मोकळा झालो: दमट हवा, हाताचा घाम, गंज. सहाही स्क्रू नवे आणले आणि अगदी दाबून आवळले.

त्या नव्यांतलाच एक जानेवारीच्या कोरड्या थंडीत तुटला. तीन महिन्यांत गंज कुठला? डोकं उलटं केलं तर खालून नव्यासारखं लख्ख. तेव्हा मी चष्म्यावर भिंग लावून तुटलेलं तोंड पाहिलं, जे पहिल्याच दिवशी पाहायला हवं होतं. कारखान्यात शाफ्ट तुटला की आम्ही दुसरं काही करायच्या आधी हेच बघायचो.

तोंडाचा एक भाग गुळगुळीत होता, आणि त्यावर शिंपल्याच्या पाठीवर असतात तशा बारीक कमानी, कडेपासून आत आत सरकत गेलेल्या. उरलेला भाग साखरेच्या खड्यासारखा खरबरीत. याचा अर्थ एकच, धातू थकून तुटला. कडेला केसाएवढी चीर पडली, प्रत्येक हेलकाव्याला ती थोडी पुढे सरकली, आणि शेवटी उरलेला धातू ताण पेलेनासा झाला तेव्हा एका झटक्यात मोडला. तुमच्या तुकड्याचं तोंड असं दिसलं तर दोष ब्रिज बसवण्याच्या पद्धतीत शोधा. तोंडावर गोल गोल पिळाच्या रेषा असतील, भोवऱ्यासारख्या, तर स्क्रू आवळतानाच पिळून तुटलाय आणि लाकडातलं भोक अरुंद आहे. अर्धं तोंड काळपट-गंजकं आणि बाकीचं ताजं चकचकीत असेल तर चीर जुनी होती, आज फक्त डोकं सुटलं. गंजाने तुटणारे स्क्रू असतात, नाही असं नाही, पण आमच्या घरात गंजावर नुसताच आळ आला होता.

डोक्याच्या खालच्या बाजूला आणखी एक खूण होती. फक्त मागची अर्धी कड घासून चमकत होती, पुढची जशीच्या तशी. दांडी दाबली की पत्री मागून उचलली जाते आणि त्या वेळी ती स्क्रूच्या डोक्याला मागच्या कडेने वर ढकलते. स्क्रू दाबून आवळलेला असेल तर पत्रीला उठायला जागाच नाही. मग प्रत्येक वेळी, पहारीने खिळा उपसावा तसं ते डोकं उपसलं जातं. हे सहा स्क्रू पत्री आवळून धरण्यासाठी नसतातच मुळी. त्यांचं काम बिजागरीचं. ०.००९ ते ०.०४२ इंचांच्या सेटच्या तारांची मिळून सुमारे ३८ किलो ओढ असते, वर स्प्रिंगांची ओढ वेगळी, आणि दोन्ही मानेच्या दिशेने. पत्री त्या ओढीनेच स्क्रूंना जाऊन टेकते, जागा सोडून कुठे जात नाही.

भाच्याला विचारलं, "तू हे स्क्रू कधी आवळतोस का?"

"ट्यूनिंग उतरलं की आवळतो ना, मामा. सैल दिसतात."

"कितीदा?"

"प्रत्येक प्रोग्रॅमच्या आधी."

त्याला काय बोलणार? सप्टेंबरात मीच तर मनगटाचा जोर लावून आवळले होते.

आता तुकडा काढायचं. सहाही तारा उतरवा. मागचं झाकण उघडून स्प्रिंगा सोडवा. त्या ज्या पंज्याला अडकतात त्याला अर्थिंगची वायर सोल्डर केलेली असते, तिला हिसका बसू देऊ नका. उरलेले पाच स्क्रू काढून ब्रिज उचलून बाजूला ठेवा. मग पिकअपांवर, म्हणजे तारांखालच्या आवाज पकडणाऱ्या चुंबकी पट्ट्यांवर, मास्किंग टेपचे दोन थर द्या. हे विसरलात तर लोखंडाचा कीस पिकअपच्या चुंबकांवर दाढीसारखा उगवतो आणि पुढचा तासभर एकेक केस टेपने उचलत बसावं लागतं. अनुभव आहे.

स्क्रू बहुधा डोक्याच्या लगेच खाली तुटतो. म्हणजे पत्री उचलल्यावर दोनेक मिमीचा खुंट लाकडाच्या वर राहतो, तो असेल तर निम्मं काम झालं. सोल्डरिंग आयर्नचं टोक खुंटावर मिनिटभर टेकवा. पोलाद तापून फुगतं, थंड होताना आक्रसतं, आणि लाकडाशी, पॉलिशशी धरलेली पकड सुटते. जळका वास आला की थांबा. पुरतं थंड झाल्यावर वाइस ग्रिपने (आवळून लॉक होणाऱ्या पक्कडीने) खुंट घट्ट धरा आणि घड्याळाच्या उलट दिशेने अगदी पाव फेरा फिरवा. हलला तर पुन्हा धरा, पुन्हा पाव फेरा. न हलल्यास जोर वाढवू नका, आयर्न पुन्हा टेकवा. पाच-सहा वेळा करावं लागलं तरी चालेल. वाइस ग्रिप घसरत असेल तर बारीक कटिंग डिस्कने खुंटावर खाच पाडून सपाट स्क्रूड्रायव्हर लावता येतो, फक्त डिस्क लाकडाला लागू न देण्याइतका हात स्थिर हवा.

लाकडात तेल मात्र मारू नका. डब्ल्यूडी-४० धातूत धातू अडकला असेल तिथे उत्तम, पण लाकूड ते पिऊन टाकतं आणि नंतर त्या भोकात फेविकॉल धरत नाही.

मागचं झाकण उघडलंच आहे तर स्प्रिंगांच्या खोबणीत टॉर्च मारून बघा. काही पातळ अंगाच्या गिटारींत स्क्रूचं टोक तिथे डोकावतं. तसं असेल तर बारीक पक्कडीने टोक धरून मागूनच फिरवता येतं. मागून बघताना दिशा उलटी होते, म्हणजे घड्याळाच्या दिशेने फिरवायचं.

आमचा तिसरा तुकडा यातल्या कशालाच दाद देईना. तो पृष्ठभागाच्याही खाली तुटला होता. तिथे उपयोगी पडली स्प्रिंग पिन, म्हणजे यंत्रांत वापरतात ती चिरेची पोकळ पोलादी नळी. मकरपुऱ्यातल्या बेअरिंगच्या दुकानात कशाला हवी ते सांगितलं तर दुकानदार म्हणाला, "काका, आ तो रोल पिन छे, गिटारनो पार्ट नथी." ६ मिमीची पिन घ्या. न दाबलेली ती बाहेरून सुमारे ६.४ मिमी भरते आणि आतून ४. ब्रिजचे हे स्क्रू जुन्या अमेरिकन मापात सहा नंबरचे, म्हणजे जाडीला साधारण साडेतीन मिमी. तुकडा नळीत बरोबर मावतो.

पिनच्या तोंडावर चार दात पाडा. पिन कडक असते, तिच्यावर कानस घसरते, म्हणून कटिंग डिस्क वापरा. दात असे तिरपे ठेवा की नळी उलटी फिरताना कापेल. उलटी का? कारण मग नळी तुकड्याला घासली तरी तो सुटण्याच्याच दिशेने ओढला जातो.

पोकळ नळीला मधलं टोक नसतं, त्यामुळे सुरुवातीला ती पृष्ठभागावर नाचते आणि पॉलिशवर गोल ओरखडे काढते. त्यासाठी आधी सागाच्या एका ठोकळ्यात साडेसहा मिमीचं सरळ भोक पाडून घ्या. ते भोक तुटलेल्या स्क्रूच्या बरोबर वर येईल असा ठोकळा ठेवा आणि खाली कापड घालून सी-क्लॅम्पने आवळा. इथे मी वीस मिनिटं घालवली, आणि सगळ्या कामात सगळ्यात चांगली गेलेली वीस मिनिटं हीच. नंतर ड्रिल रिव्हर्सला, वेग कमी. पाच मिमी आत गेलं की बाहेर काढा, भुसा फुंका, पिन गार होऊ द्या. धूर दिसला म्हणजे तुम्ही घाई करताय. पिनला २५ मिमीवर टेप गुंडाळून खूण करा, त्यापुढे जाऊ नका, कारण खाली स्प्रिंगांची खोबणी आहे आणि ड्रिल पलीकडे निघालं तर नवं दुखणं.

आमचा तुकडा पंधराएक मिमीवर कुर्रकन वाजला. नळी बाहेर काढली तर आत स्क्रू, भोवती लाकडाचा पातळ कोष, उसाच्या कांडीसारखा. तुमचा असा आपोआप आला नाही तर भोवती रिकामी जागा झालेली असते, लांब चोचीच्या पक्कडीने हलवून उपसता येतो.

भोक बुजवायला गोल लाकडी खुंटी हवी. आगपेटीच्या काड्या आणि टूथपिक पट्ट्याच्या बटणाला चालतात, इथे नाही. सागाची किंवा मेपलची खुंटी घासून अशी करा की बोटाने दाबली तर निम्मी जाईल आणि उरलेली हातोडीच्या हलक्या ठोक्याने. भोकाच्या भिंतीला फेविकॉल, खुंटी आत, चोवीस तास हात लावायचा नाही. मग धारदार पटाशीने वरचा भाग सपाट.

नव्या भोकाची जागा मोजपट्टीने ठरवू नका. ब्रिज परत ठेवा, चांगल्या भोकांत दोन स्क्रू हलके लावा आणि पत्रीच्या रिकाम्या भोकातून टोच्याने मधोमध खूण करा. पायलट भोक, म्हणजे स्क्रूआधीचं बारीक भोक, मऊ लाकडात २.४ मिमी, कठीण लाकडात २.८. मी २.८ चंच पाडलं, कारण खुंटी सागाची होती. भोक सरळ उभं जायला हवं, तिरपा गेलेला स्क्रू पत्रीच्या भोकाला एका बाजूने घासत राहतो. आधी एखादा साधा, जुना पोलादी स्क्रू मेणबत्तीवर घासून आत-बाहेर फिरवा, आटे त्याला पाडू द्या, मग नवा बसवा. साबण लावू नका, तो हवेतला ओलावा ओढतो.

आता खरी दुरुस्ती, जिला पाच मिनिटं लागतात. फेंडरची सहा स्क्रूंच्या ब्रिजसाठी सांगितलेली पद्धत अशी: पत्री गिटारच्या अंगाला सपाट टेकवून ठेवा, सहाही स्क्रूंची डोकी पत्रीपासून सुमारे १.६ मिमी वर आणा, मग फक्त दोन टोकांचे स्क्रू डोकं पत्रीला जेमतेम टेकेल इतके खाली घ्या. मधले चार वरच राहू द्या. मापाला वेगळं काही आणायला नको. बऱ्याच गिटारींत सॅडलची (ब्रिजवरच्या, तारेखालच्या छोट्या आधाराची) उंची कमी-जास्त करायला दीड मिमीची ॲलन की लागते, ती मधल्या चारांच्या डोक्याखालून अलगद सरकली की झालं. नंतर स्प्रिंगा, तारा, ट्यूनिंग. स्प्रिंगांच्या पंज्याचे दोन स्क्रू फिरवून पत्रीची मागची कड साधारण ३ मिमी वर तरंगती ठेवली. दांडी दाबून सोडल्यावर ट्यूनिंग पूर्वीपेक्षा बरंच चांगलं परतलं, आणि भाच्याला ज्यासाठी आवळावंसं वाटायचं ते कारणच राहिलं नाही.

एकदा पत्री उलटी करूनही बघा. चांगल्या पत्रीत त्या सहा भोकांच्या कडा खालून तिरप्या तासलेल्या असतात, म्हणजे पत्री धारेवर डुलते. नुसती सरळ आरपार भोकं असतील तर स्क्रू बरोबर बसवूनही घर्षण राहणार. तेव्हा पत्री बदलण्याचा विचार करा, पण बाहेरच्या दोन स्क्रूंमधलं अंतर मोजूनच मागवा, सगळ्या गिटारींचं सारखं नसतं. आणि ब्रिज न हलणारा असेल, टेलीकास्टरसारखा, तर सैल ठेवण्याचं हे प्रकरण तुमच्यासाठी नाही. तिथे स्क्रूंनी पत्री धरूनच ठेवायची असते.

राहिला सॅडलमधला बारीक, बिनडोक्याचा ग्रब स्क्रू. तो घामाने गंजून आतच मोडतो आणि तिथे वरचं काहीच उपयोगी नाही. आधी तेल आणि आयर्न करून बघा. नाहीच निघाला तर सॅडल ब्रिजवरून सोडवा आणि खालच्या बाजूला ब्लेडने ओरखडा काढा. आत पिवळा धातू दिसला तर पितळ, मग तुरटी. घड्याळजी लोक पितळेत मोडलेले पोलादी स्क्रू याच युक्तीने काढतात. काचेच्या भांड्यात गरम पाणी, त्यात विरघळेल तेवढी तुरटी, आत नुसतं सॅडल, स्प्रिंग आणि चांगले स्क्रू काढून ठेवलेले. पाणी गरम राहील असं बघा, झाकण लावू नका. स्क्रूवरून बारीक बुडबुडे येऊ लागतात. काही तासांत, कधी एक-दोन दिवसांत, पोलादाचा काळा गाळ होतो आणि पितळ शाबूत राहतं, वरच्या मुलाम्याची चमक मात्र जाऊ शकते. ओरखडा करडा दिसला, तर सॅडल जस्ताच्या मिश्रधातूचं असेल किंवा पोलादाचं. तुरटी दोघांनाही खाते. अशा वेळी सरळ नवं सॅडल आणा.

काचेचं भांडं स्वयंपाकघरातलं घेऊ नका. घेतलंत तर ते परत तिकडे जात नाही, असं मला घरातून कळवण्यात आलं आहे.